आवाज कुठंतरी जातोच

“हेमू, आवाज कुठाय?” बाबांनी विचारलं.

टीव्हीवर दादा बोलत होता. बत्तीस इंची पडद्यावर त्याचा चेहरा खऱ्यापेक्षा मोठा दिसत होता. केस पांढरे झालेले, चष्मा नवा. ओठ हलत होते, मध्येच तो थांबत होता, आवंढा गिळत होता, आणि आमच्या हॉलमध्ये पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

“येईल, येईल. दोन मिनिटं,” मी म्हटलं आणि लॅपटॉपपुढं मांडी ठोकून बसलो.

त्या रविवारी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. फलटणच्या आमच्या घरात चाळीसएक माणसं जमली होती. एक्क्याऐंशी दिव्यांचं औक्षण झालं, पाया पडणं झालं, पेढे वाटून झाले, आणि मग मी मोठ्या रुबाबात उभा राहून जाहीर केलं की आता कॅनडाहून आलेला खास निरोप. उल्हासदादाचं नाव ऐकल्यावर सगळे गप्प झाले. सगळ्यांना माहीत होतं. आई गेली तेव्हा दादा आला नव्हता. दहाव्याच्या दिवशी त्याचा फोन आला, सुट्टी मिळाली नाही म्हणाला, आणि बाबांनी काही न बोलता रिसीव्हर ठेवून दिला. त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत बापलेक एक शब्द बोलले नव्हते.

आणि आता आदल्या दिवशी मला दादाची मेल आली होती. सोबत चार मिनिटं वीस सेकंदांचा व्हिडिओ, आणि खाली एवढंच: ‘बाबांना दाखव. आधी तू एकटा बघू नकोस, त्यांच्या शेजारी बसून बघ.’

म्हणून मी तो आधी लावून पाहिला नव्हता. दुसरा एखादा व्हिडिओ लावून टीव्हीचा आवाज तपासता आला असता, पण मी गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा माणूस. सगळ्यांच्या बंद पडलेल्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून ते चालते करून देणारा. मी काय तपासायचं? वर गुर्मी अशी, की माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचे स्पीकर वर्षभर फाटलेले होते आणि मी हेडफोनवर भागवत होतो.

“पिन काढून परत घाल,” शेजारचे बापूकाका म्हणाले. “आमच्याकडं असंच होतं.”

पिन काढून घातली. चित्र गेलं, आलं. आवाज नाही.

“टीव्हीचाच आवाज बंद असेल.”

टीव्हीचा आवाज पन्नासवर होता. डिश लावून पाहिली, तर साबणाची जाहिरात अशी ओरडली की बापूकाकांच्या हातातला पेढा पडला. म्हणजे टीव्ही ठीक होता.

“तुमच्या त्या लिनक्समध्येच काहीतरी असणार,” माझी बायको शैला म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं, पण मला झोंबलं.

मी सेटिंग उघडली. आवाज कुठून बाहेर काढायचा, तिथं हेडफोन निवडलेला होता. तो बदलून टीव्हीची वायर निवडली. तरीही काही नाही. मग वाटलं, फाइलमध्येच आवाज नसला तर? ते बघायला आवाज परत हेडफोनकडं वळवला, हेडफोन कानाला लावले आणि व्हिडिओ पहिल्यापासून सुरू केला.

आवाज होता. स्वच्छ. दादा माझ्या कानात बोलायला लागला.

“बाबा, मी खोटं बोललो होतो. सुट्टी मिळाली होती. तिकीटही काढलं होतं. विमानतळापर्यंत गेलो आणि परत आलो. आईला तसं बघायची हिंमत झाली नाही माझी. घाबरलो मी. तुम्ही फोन ठेवलात ते बरोबर केलंत.”

पडद्यावर त्याचे ओठ हलत होते, समोर चाळीस माणसं बघत होती, आणि ऐकत होतो एकटा मी.

“बाबा, मला घरी यायचंय. तुमच्याजवळ राहायचंय. तुम्ही फक्त एक फोन करा. मी आपणहून करणार नाही, तो हक्क मी घालवलाय. तुमचा फोन आला तर दुसऱ्या दिवशी निघेन. नाही आला तर समजेन.”

ऐकताऐकता माझे हात आपलं काम करतच होते. मी ती काळी खिडकी उघडली होती, जिच्यात आवाजाच्या एकेका वाटेचा उभा खांब दिसतो. खांबाखाली दोन अक्षरं असतात. ओओ म्हणजे वाट उघडी, एमएम म्हणजे बंद. टीव्हीच्या खांबाखाली एमएम होतं. कीबोर्डवरचं एम दाबलं की झालं. दोष असा होता. एवढासाच होता. माझं बोट त्या बटणावर होतं.

मी बाबांकडं पाहिलं. ते खुर्चीत पुढं सरकून बसले होते, अंगावरची शाल घसरली होती, आणि टीव्हीकडं बघताना त्यांचे डोळे असे काही चमकत होते की मला ते बघवेना. नऊ वर्षं मी त्यांना अंघोळ घातली. गोळ्या दिल्या, दोनदा दवाखान्यात त्यांच्या पलंगाखाली चटई टाकून झोपलो. माझ्याकडं बघताना ते डोळे कधी असे झाले नव्हते. आणि हा गडी चार मिनिटं रडून सगळं घेऊन जाणार! आत्ता बाबा म्हणतील, हेमू, लाव फोन. मग दादा येईल, गाव त्याला बघायला जमेल, आणि मी हार आणायला जाईन.

मला राग आला होता. दुसरं काही नाही. तो राग होता, आणि तो मला त्या क्षणी अगदी न्याय्य वाटला.

मी व्हिडिओ थांबवला. पुढची दोन मिनिटं ऐकलीच नाहीत. हेडफोन काढले आणि बटणावरचं बोट उचललं.

“नाही येत,” मी म्हटलं. “आवाजच येत नाहीये.”

“त्या कानाच्या यंत्रात?” बाबांनी हेडफोनकडं बोट दाखवलं.

“त्यातही नाही.”

“मग तू काय ऐकत होतास एवढं?”

“खरखर येत होती नुसती. शुभेच्छाबिभेच्छा म्हणत असेल असं वाटतं. साठी-शांती, सहस्रचंद्र... तेच.”

“एवढंच?”

“एवढंच, बाबा.”

माणसं जेवायला उठली. संध्याकाळी दादाची मेल आली. ‘दाखवलास?’ मी लिहिलं, ‘दाखवला.’ त्यानं विचारलं, ‘काही म्हणाले?’ मी लिहिलं, ‘नाही.’ यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

माझ्या हिशेबानं विषय तिथं संपला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाबा म्हणाले, “तो उल्हासचा व्हिडिओ लाव जरा. काल गर्दीत नीट दिसलं नाही.”

“आवाज नाही त्याला.”

“माहीत आहे. असू दे तसाच.”

मी लावला. ते चार मिनिटं वीस सेकंद डोळे न हलवता बघत बसले. संपल्यावर म्हणाले, “बारीक झालाय.” मग रोजच ते सुरू झालं. सकाळचा चहा, रक्तदाबाची गोळी, आणि दादाचा बिनआवाजाचा व्हिडिओ. मी वायर जोडायची, तो लावायचा आणि शेजारी बसायचं.

पाचव्या की सहाव्या दिवशी ते एकदम म्हणाले, “थांब. मागं घे जरा. हां. इथं ‘बाबा’ म्हणाला बघ.”

म्हणालाच होता.

“आणि इथं परत. दोनदा म्हणाला.”

मग त्यांना नादच लागला. वहीत तारीख टाकून लिहायला लागले: कुठल्या मिनिटाला कुठला शब्द वाटतो. व्हिडिओच्या उत्तरार्धात एका जागी दादा हात जोडत होता. तिथं बाबा रोज थांबायचे.

“हात का जोडले असतील रे त्यानं?”

“नमस्कार केला असेल. तुमचा कार्यक्रम होता ना.”

“नमस्कार असा करतात होय? हात थरथरतायत त्याचे.”

“कॅमेरा हलला असेल.”

“कॅमेरा हलला तर मागची भिंत हलेल, गाढवा. भिंत गप उभी आहे.”

मला तरी काय माहीत, हात का जोडले! तिथवर मी ऐकलंच नव्हतं. आणि आता ऐकायची छाती होत नव्हती.

शैला एकदा म्हणाली, “अहो, फोनवर घ्या ना तो. फोनवर आवाज येईल की.”

“त्याचा फॉरमॅट वेगळा आहे. फोनला तो कोडेक सपोर्ट नाही.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलताना मी जास्त इंग्रजी शब्द वापरतो, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे. पण ती भाजी चिरायला निघून गेली.

रोज वाटायचं, आज एम दाबू. आज सांगू की बाबा, सापडला बघा दोष. पण जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ‘अरे वा’ म्हणाले असते. महिन्यानंतर सांगायचं म्हणजे महिन्याचा जाब द्यायचा. मी भित्रा होतो. दादा विमानतळावरून परत फिरला, आणि मी रोज सकाळी त्या बटणावरून.

एक्केचाळिसाव्या दिवशी बाबांनी व्हिडिओ संपल्यावर वही मिटली आणि म्हणाले, “हेमू, मी ट्रंकला किती वर्षं होतो?”

बाबा टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. समोर भोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. कुणी पुणं मागितलं की पुण्याच्या भोकात दोरी घालायची. आम्ही लहानपणी ते सगळं पाहिलं होतं.

“सव्वीस वर्षं,” मी म्हटलं.

“सव्वीस. आम्हाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, दोन्ही बाजूंची माणसं बोलायला लागली की आपल्या कानाची कळ बंद करायची. दुसऱ्याचं ऐकायचं नाही. कुणी जन्माला आलं, कुणी मेलं, कुणाचं लग्न मोडलं, आपण आपलं बोर्डाकडं बघायचं. आणि दुसरी, समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण दोरी काढायची नाही. तीन मिनिटं झाली असं सांगायचं, पण रडणाऱ्या माणसाची दोरी मी कधी काढली नाही. साहेबाची बोलणी खाल्ली त्यापायी.”

“माहीत आहे, बाबा.”

“आयुष्यात एकच कॉल तोडला मी. तोही माझ्याच पोराचा. तो रडत होता आणि मी ठेवून दिला.” त्यांनी मिटलेल्या वहीवरून हात फिरवला. “रोज वाटतं, आपणच लावावा. पण त्यानं काय म्हटलंय तेच माहीत नाही. शिव्या घातल्या असतील तर? घालायचा हक्क आहे त्याला.”

“शिव्या नाहीत घातल्या,” माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बोर्डावर कधी कधी तक्रार यायची,” ते सावकाश म्हणाले. “लोक म्हणायचे, आवाज गेला, आवाज हरवला. अरे, आवाज हरवत नाही. कुठंतरी जातोच. आपण ज्याला पाठवला त्याच्या कानात नाही गेला, तर दुसऱ्या कुणाच्या तरी जातो.”

एवढं बोलून ते उठले आणि काठी टेकत आत गेले. त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथंच पायावर पडलो असतो. मी लॅपटॉप उघडून ती काळी खिडकी काढली, एमएमकडं बघितलं, आणि ठरवलं: उद्या सकाळी चहा झाला की.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच बाबा मोरीत पडले. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

“ऐकू येतंय, समजतंयही,” डॉक्टर म्हणाले. “बोलणं परत येईल का, आत्ता सांगता येणार नाही.”

दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी दादाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मला बोलवायला बाबांनी सांगितलंय का?”

“तू निघ, दादा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप आणि वायर घेऊन दवाखान्यात गेलो. खोलीत भिंतीवर टीव्ही होता. स्टुलावर चढून वायर जोडली. बाबा पलंगावरून बघत होते. शैला पायाशी बसली होती. मी व्हिडिओ लावला आणि एम दाबलं.

“बाबा, मी खोटं बोललो होतो...”

दादाचा आवाज खोलीभर झाला. शैलानं तोंडाला पदर लावला. बाबांचा डावा हात चादरीवर मुठीसारखा वळला. त्यांनी पाठ केलेली ओठांची प्रत्येक हालचाल आता बोलत होती. विमानतळ, हिंमत, घरी यायचंय, एक फोन करा. मग मी थांबवलेली जागा आली आणि गेली, आणि जे मीही ऐकलं नव्हतं ते सुरू झालं.

“आणि बाबा, हेमू. आई गेल्यापासून एकट्यानं ओढलंय त्यानं सगळं. मी इथं बसून दिवाळीला मेल पाठवत राहिलो. मी आलो की पहिल्यांदा त्याला आणि शैलाला पंधरा दिवस कोकणात पाठवून द्या. लग्नानंतर कुठं गेलीच नाहीत ती दोघं. तुमची अंघोळ, गोळ्या, सगळं मी बघेन, त्याच्याकडून शिकून घेईन. हेमू, तू शेजारी बसला असशील. तुलाच सांगतोय रे. माफ कर मला.”

आणि तिथं त्यानं हात जोडले.

ते मला जोडले होते. महिनाभर बाबा मला विचारत होते, हात का जोडले, आणि महिनाभर मी सांगत होतो, नमस्कार असेल.

मी बाबांच्या पलंगाजवळ खाली बसलो. “पहिल्या दिवशीच येत होता आवाज,” मी म्हटलं. “मी येऊ दिला नाही. मी ऐकला आणि तुम्हाला ऐकू दिला नाही.” त्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला आणि त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले, ते मला कळलं नाही. आजतागायत कळलेलं नाही.

दादा तिसऱ्या दिवशी पोचला. बॅग दारातच टाकून तो पलंगाशी गेला, बाबांचा हात धरला. बाबांनी त्याला पाहिलं. डोळे तसेच चमकले, आणि ओठ हलायला लागले. सारखे हलत होते, घाईघाईनं, नऊ वर्षांचं एकदम काढल्यासारखे. आवाज नव्हता.

“हेमू, काय म्हणतायत रे?” दादानं माझ्याकडं वळून विचारलं. “तू रोज असतोस, तुला कळत असेल.”

मी वाकून बाबांच्या तोंडाशी कान नेला. नुसता श्वास होता.

“नाही कळत, दादा,” मी म्हटलं.

त्यानंतर अकरा दिवस बाबा होते. दादा त्या खोलीतून हलला नाही. अंघोळीसाठी अंग कसं पुसायचं, गोळी कशी कुटून द्यायची, सगळं मला विचारून शिकला. आणि दिवसभर बाबांच्या तोंडाकडं बघत बसायचा. मध्येच आनंदानं मला हाक मारायचा, “हेमू, ये इकडं. आता उल्हास म्हणाले बघ. माझं नाव घेतलं. हे बघ, परत.”

मी म्हणायचो, “हो रे. घेतलं.”

बाबा गेल्यावर चौदाव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, आम्ही दोघं हॉलमध्ये बसलो होतो. टीव्हीखाली लॅपटॉप, वायर तशीच. व्हिडिओतला आवाज बाबांना दवाखान्यातच पहिल्यांदा ऐकू आला, एवढं मी दादाला सांगितलं होतं. दादा बाबांची ती वही चाळत होता. तारखा, मिनिटं, शब्द. ‘इथं बाबा.’ ‘इथं परत बाबा.’ ‘हात का?’

“मला वाटलं, ऐकून त्यांनी फोन केला नाही,” तो म्हणाला. “दीड महिना रोज फोनकडं बघत होतो. त्यांच्यापर्यंत आवाजच पोचला नव्हता, हे तू मला कळवायचंस तरी.”

मी टीव्हीची वायर गुंडाळायला लागलो.

“शेवटी कसा आला आवाज?”

“एक बटण होतं. एम.”

“हात्तिच्या. एवढंच?” तो खिन्न हसला. “हे लिनक्सचं असंच. सापडायला लागला वेळ, होय रे?”

त्यानं मला सुटकेची वाट काढून दिली होती. ‘हो’ म्हटलं असतं तर संपलं असतं. आज तो माझ्याकडं येऊन राहिला असता, आम्ही दोघं म्हातारे भाऊ अंगणात बसून भांडलो असतो. बाबांना मी सांगितलं होतं, पण ते कुणाला सांगणार नव्हते. आणि शैलानं ऐकलं असलं तरी ती कधीच बोलली नसती.

“नाही दादा,” मी म्हटलं. “पहिल्या दिवशीच सापडलं होतं.”

त्यानं वही मिटली. आवाज चढवला नाही. वही बॅगेत घातली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मुंबईला गेला.

याला आता आठ वर्षं झाली. दादा परत आला नाही. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, मीच त्याला फोन लावतो. तो उचलतो. तब्येत कशी, थंडी किती, शैला काय म्हणते, एवढं बोलतो. मग बोलण्यासारखं काही उरत नाही आणि दोन्हीकडून नुसती शांतता येते. कधी मिनिटभर, कधी जास्त. शैला आतून खूण करते, ठेवा आता, जेवण निवतंय.

मी रिसीव्हर कानाशी धरून बसून राहतो. तो ठेवल्याशिवाय मी ठेवत नाही.